रिलीव्हर आला नाही

भिकन गांगुर्डेला साखरेचा आजार आहे, हे सातपूरच्या त्या कंपनीत फक्त एका माणसाला माहीत होतं. आणि त्याच माणसाने त्याची नोकरी जायची वेळ आणली. खोडसाळपणा नव्हता. जीव होता म्हणून.

साल अठ्ठ्याहत्तर. भिकन प्रेस शॉपला होता. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका बसतो, झालेलं झाकण उचलून पेटीत टाकायचं, पुढचा तुकडा ठेवायचा. हात आत, हात बाहेर. दिवसभर तेच. वय पस्तिशीच्या आत आणि अंगाने काडी. त्या काळात साखरेचा आजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ढेरपोट्या शेठ यायचा. काडीसारख्या कामगाराला तो होतो, हे भिकनला स्वतःलाही पटलं नव्हतं. वजन निम्म्यावर आलं, हंडाभर पाणी पिऊन तहान भागेना, तेव्हा घरच्यांनी टीबी गृहीत धरला होता. मग भद्रकालीतल्या एका डॉक्टरने त्याची लघवी निळ्या औषधात घालून काचेच्या नळीत तापवली. निळ्याचं विटेसारखं लाल झालं. "सुई घ्यावी लागेल," डॉक्टर म्हणाला. "रोज. कायमची."

कंपनीला कळू द्यायचं नाही, हे भिकनने दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. आदल्या वर्षी एका वेल्डरला फेफरं येतं हे उघडकीला आलं होतं. 'सतत आजारी, कामास अयोग्य' असा एक कागद त्याच्या हातात ठेवला आणि गेट लावलं. कायद्याने ती छाटणी धरत नाहीत म्हणे, म्हणून भरपाईही नाही. कायदा लिहिणारे कधी प्रेसवर उभे राहिलेले नसतात.

घरी औषधाची बाटली माठाच्या अंगाला ओल्या फडक्यात. काचेची सिरिंज वेगळ्या पातेल्यात उकळायची. पहाटे मांडीत सुई. हे सगळं लताबाई, त्याची बायको, करायची. तिने घरातली साखर आणि गूळ शेजारणीला देऊन टाकला. पोरंसुद्धा फिका चहा पिऊ लागली. डॉक्टर एकदा घाईत म्हणाला होता, "सुई घेतली की जेवण चुकवायचं नाही. घाम आला, हात कापायला लागले, तर लगेच साखर खा." भिकनने मान हलवली आणि मनात म्हटलं, याला झोप आली असेल. साखरेच्या आजारावर साखर कोण देतं?

ज्याला माहीत होतं तो नाथा. पिंपळगावहून एसटीने यायचा, शेजारच्या प्रेसवर उभा राहायचा. कपडे बदलताना भिकनच्या मांडीवरच्या सुयांच्या खुणा त्याने पाहिल्या, तेव्हा भिकनला सांगावंच लागलं. नाथाने आईची शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही म्हणून. आणि त्या दिवसापासून भिकनला बरं करायचं काम अंगावर घेतलं. वावरातली कारली आणायचा, जांभळाच्या बियांची पूड आणायचा. कँटीनचा गोड चहा आला की भिकनचा कप स्वतः ओढून घ्यायचा.

"तुझं इख मी पितो," म्हणायचा. "लय गोड हाय रं."

तो दिवस मे महिन्यातला. मोठी ऑर्डर होती. असं काम लागलं की लाइन बंद ठेवत नसत. एक रिलीव्हर असायचा, तो एकेकाच्या प्रेसवर उभा राहायचा आणि तेवढ्यात त्या माणसाने खाऊन यायचं. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडली की गैरहजेरी. पहाटे भिकनच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून सुई घरी घ्यायची आणि भाकरी पहिल्या सुट्टीत खायची, असा त्याने आपला हिशोब बसवला होता. तो रोज चालायचा, कारण रिलीव्हर रोज यायचा. त्या दिवशी फोरमनने रिलीव्हरला माल भरायला ट्रकवर पाठवलं.

सुईला हे कोण सांगणार? अंगात गेलेलं औषध आपलं काम करतच राहतं. समोर साखर आहे की संपली, हे ते बघत नाही.

पहिल्यांदा साधी भूक लागली. सगळ्यांना लागते तशी. मग ती भूक चिडकी झाली. पत्रा, पेटी, पलीकडे चाललेलं कुणाचं हसणं, सगळ्याचा राग यायला लागला. मग गार घाम. ओठांना मुंग्या. मग जे झालं ते निरोगी माणसाला सांगून पटत नाही. भूक गेली. चूल विझावी तशी गेली. आपण म्हणतो भूक पोटात लागते. पोट नुसतं ओरडतं. ते ओरडणं ऐकणारा वर डोक्यात बसलेला असतो, आणि सगळ्यांत आधी उपास त्यालाच घडतो. हातापायांनी थोडंफार साठवून ठेवलेलं असतं. मेंदूकडे कोठार नाही. रक्तातून जे येईल त्यावर तो जगतो, आणि यायचं थांबलं की घरातले दिवे एकेक करून मालवायला लागतो. कुठला आधी मालवायचा, हे तो मालकाला विचारत नाही.

भिकनचे हात मात्र चालूच होते. हातांना सवय होती.

पायाशी त्याचा डबा होता. भाकरी, वांग्याची भाजी. त्याने डब्याकडे पाहिलं. हे काय आहे, ते त्याला आठवेना. एवढं कळलं की हे कामाचं आहे आणि अजून व्हायचं राहिलंय. त्याने डबा उचलला, नीट डायवर ठेवला, सरळ केला आणि पेडल दाबलं.

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याचे डोळे आपल्या डायवर असतात, पण कान साऱ्या लाइनवर. दणका वेगळा आला तसा नाथाने मान वळवली. डायवरून भाजीचा रस ओघळत होता आणि भिकन त्या चपट्या ॲल्युमिनियममधून तयार झाकण शोधत होता. नाथाने उडी मारून मेन स्विच ओढला.

फोरमन धोंडीराम धावत आला. तसा तो काही राक्षस नव्हता. त्याच्यावर वरच्यांचा पाय होता आणि त्याचा पाय खालच्यांवर. "ए गांगुर्डे! डाय फोडलीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

भिकन हसला. एरवी फोरमनपुढे हा माणूस मान वर करत नसे.

"धोंड्या," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, पण शब्द साऱ्या लाइनला ऐकू गेले. "गेणूची बोटं इथंच पडली होती, तेव्हा नाही ओरडलास? आज डब्यासाठी ओरडतोस? जाळी तूच काढलीस ना रे? काम उरकत नाही म्हणून तूच काढलीस."

गेणू आधी त्याच प्रेसवर होता. होळीच्या सुमारास त्याची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी धोंडीरामने स्वतः पान्याने सोडवली होती, सगळ्यांच्या देखत. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं आलं, आणि सगळ्यांनी आपापल्या पोटाकडे बघून ते चालवून घेतलं.

एवढं बोलून भिकन खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. कँटीनचा माणूस किटली घेऊन फिरत होता, त्याने झटकन कप भरून पुढे केला. तो चहा दोन घोट जरी पोटात गेला असता तरी ही गोष्ट तिथेच संपली असती.

नाथाने कप उडवला. "चहा नको! त्याला गोड द्यायचं नाय!" असं म्हणून त्याने स्वतःच्या डब्यातलं अर्धं लिंबू काढलं, भिकनचा जबडा दाबला आणि तोंडात पिळलं. गोडावर आंबट. त्याच्या डोक्यात हिशोब सरळ होता.

पण बघणाऱ्यांचाही हिशोब सरळच होता. माणूस झोकांड्या खातो, बरळतो, फोरमनला अरे-तुरे करतो, आणि त्याचा जिवाभावाचा मित्र घाईघाईने लिंबू पिळतो. लिंबू कशावर देतात हे सातपूरला शिकवायला लागत नाही.

"कधी ढोसली याने?" धोंडीरामने विचारलं.

नाथाने तोंड उघडलं आणि मिटलं. आईची शपथ.

"तुला विचारतोय, नाथा. प्यालाय ना?"

"मला काय म्हाईत," नाथा म्हणाला. तेवढं पुरे झालं.

दोघांनी भिकनला उचलून गेटवरच्या बाकावर नेऊन टाकलं. तिथे गोटीराम वॉचमन. हा वणीचा, आदल्याच दिवशी देवीच्या गडावर जाऊन आलेला. भिकनचे फिरलेले डोळे बघून तो म्हणाला, "दारू कसली, वारं हाय हे." आणि प्रसादाचा पेढा त्याच्या गालात कोंबला. भिकन बौद्ध. एरवी त्याने प्रसाद हातातही घेतला नसता. पेढा विरघळला, थोड्या वेळाने डोळे जागेवर आले, आणि त्याने पहिलं वाक्य विचारलं, "माझा डबा कुठंय?"

देवीने वारं उतरवलं, असं गोटीराम पुढे महिनाभर सांगत होता.

डॉक्टरला कुणी बोलावलं नाही. तोंडाला वास येत होता, असं फोरमनने लिहून दिलं. वास लिंबाचा होता. चार्जशीटमध्ये तीन गोष्टी आल्या: कामावर दारू पिणे, डायचे नुकसान, आणि सुरक्षा जाळीबाबत वरिष्ठांवर खोटे आरोप.

युनियनचा जयराम तेव्हा चाळिशीचा असेल. दोन संप बघितलेला, हुशार. भिकनने त्याला खरं ते सांगितलं, तसा जयराम डोक्याला हात लावून बसला.

"हे आणखी कुणाला बोललास?"

"नाथाला माहीत आहे."

"तिसऱ्याला सांगू नको. ऐक, भिकनभाऊ. दारूला चार दिवस घरी बसवतात आणि एक ताकीद देतात. आजार म्हटलास की कायमचा घरी. प्रेसवर चक्कर येणारा माणूस कोण ठेवेल? मी मालक असतो तर मीही नसता ठेवला. खोटं कशाला बोलू?"

"पण मी पीत नाही, जयराम. दर रविवारी विहारात मी लोकांना शील देतो. पाचवं शीलच दारू न पिण्याचं आहे, तुला माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे. पण शील काय कंपनी तपासत नाही. साहेबाशी बोललोय मी. 'प्यालो होतो, नशेत काहीबाही बोललो, माफी असावी,' एवढ्यावर सही कर. चार दिवसांत मिटेल."

"काहीबाही म्हणजे जाळीचं?"

जयरामने बिडी पेटवली. "त्यांना तेवढंच पाहिजे. डाय गेली खड्ड्यात. ते वाक्य नशेतलं होतं असं लिहून हवंय. त्यावरच तर तुझी नोकरी वाचतेय."

"मी तसं बोललो?"

"सगळ्या लाइनने ऐकलं."

"मला काही आठवत नाही," भिकन म्हणाला. खरंच आठवत नव्हतं. पेडल दाबल्यापासून पेढ्यापर्यंत सगळं कोरं होतं.

घरी लताबाईने सगळं ऐकून घेतलं. तिचा बाप दारूने मेला होता. हा पीत नाही, एवढी एकच चौकशी करून तिने याच्याशी लग्न केलं होतं.

"सही करा," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"लोक दारुडा म्हणतील. मी दारुड्याच्या घरात वाढलेय, मला माहीत आहे दारुडा कसा असतो. तुम्ही तसे नाही. बास."

"विहारात तोंड कसं दाखवू?"

"आणि पोरांना काय दाखवाल, रिकामं ताट? औषधाची बाटली काय विहारातून येते?" मग तिने विचारलं, "गेणूचं बोललात, ते खरं होतं ना?"

"खरं होतं."

"मग शुद्धीत असताना का नाही बोललात?"

याचं उत्तर त्या कंपनीत सगळ्यांकडे एकच होतं.

सही करायच्या दिवशी भिकन मुद्दाम घरून भाकरी खाऊन गेला. घास उतरत नव्हता तरी पाण्याबरोबर ढकलला. साहेबांच्या खोलीत पंखा होता, जयराम होता, धोंडीराम भिंतीकडे बघत उभा होता. भिकनने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हात कापत नव्हता, घाम नव्हता, डोकं लख्ख होतं. रक्तात साखर नव्हती तेव्हा हा माणूस खरं बोलला होता. आज साखर पुरेशी होती, आणि त्याने खोट्यावर सही केली.

चार दिवस घरी बसला. मग रविवार आला.

कॉलनीतलं विहार म्हणजे पत्र्याचं एक छप्पर आणि खाली सतरंजी. अर्धी कॉलनी सातपूरला कामाला, त्यामुळे बातमी कधीच पोचली होती. पांढऱ्या लुगड्यातल्या यशोदाबाई सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यांचा शब्द तिथे चालायचा. भिकन सवयीने पुढे जायला निघाला तशा त्या हळूच म्हणाल्या, "आज मागं बस, बाळा. वंदना दुसरं कोणी घेईल."

भिकन मागे बसला. चपलांच्या रांगेशेजारी.

गेणू पुढे होता. त्याने वळून पाहिलं. "प्यालेला का असेना, आजी, माझ्या बोटांबद्दल बोलला. एवढ्या लोकांत एकटाच बोलला."

"पिणाऱ्याचं बोलणं कोण धरतं, गेणू?" यशोदाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुझ्या बोटांचंही हसंच झालं त्यात. कंपनीत काय म्हणतात? दारूतली बडबड."

गेणूने हात मांडीखाली घेतला.

बायकांच्या बाजूने लताबाई उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. पदर दाताखाली धरलेला होता, तो सोडवायला तिला वेळ लागला.

"आमचे हे प्यालेले नव्हते," ती म्हणाली. "यांना शुगर आहे. दीड वर्ष झालं, मी रोज सुई उकळते. त्या दिवशी खायला सोडलं नाही, म्हणून डोकं गेलं. सही मी करायला लावली. नोकरी जाईल म्हणून."

"लता, खाली बस," भिकन मागून म्हणाला.

"बसते. पण तुम्ही चपलांजवळ बसायचं नाही."

सगळ्यांना कळत होतं की आता ही गोष्ट इथे राहणार नाही. तिथे बसलेल्यांतले निम्मे सकाळी त्याच गेटमधून आत जाणार होते. लताबाईलाही ते कळत होतं. यशोदाबाईंनी सतरंजीवर सरकून आपल्या शेजारी तिला जागा केली. भिकनला मात्र त्या दिवशी कुणी पुढे बोलावलं नाही. माणसं इतक्या लवकर वळत नाहीत.

सोमवारी साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब पुण्याहून आलेले, बोलायला मऊ.

"गांगुर्डे, तुम्हाला डायबेटिस आहे असं ऐकलं."

"आहे."

"मग दारू?"

"कधीच नाही घेतली."

"मग त्या कागदावर सही का केलीत?"

"तुम्हाला पाहिजे होती, साहेब. मला नोकरी पाहिजे होती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही आमची फसवणूक केलीत. आजार लपवलात. प्रेसवर काही झालं असतं तर?"

"झालं असतं," भिकन म्हणाला. "ते मला कबूल आहे. मला तिथून हलवा. स्टोअरला घाला, झाडायला घाला. पण प्रेसवर ज्यांना आजार नाही, त्यांचीही बोटं जातात."

"ते नशेत बोललात ते सोडा आता."

"नशेत नव्हतो. बोललो ते मला आठवत नाही. पण ते खरं आहे. जाळी धोंडीरामने काढली, मी पाहिलं, गेणूच्या आधी चार दिवस. आत्ता मी भाकरी खाऊन आलोय, डोकं ठिकाणावर आहे. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं नाही. दुपारच्या आत कागद तयार होता. भिकनला तो न वाचताही पाठ होता: सतत आजारी, कामास अयोग्य. जयराम गेटपर्यंत सोडायला आला, पण गेटच्या बाहेर आला नाही.

ऑर्डर अजून संपली नव्हती. दुपारी भिकनच्या प्रेसवर नाथाला उभं केलं. नाथाने पत्र्याचा तुकडा हातात घेतला, डायकडे पाहिलं, तुकडा परत ठेवला आणि पेडलवरून पाय काढला.

"आधी जाळी लावा," तो म्हणाला. "मग सुरू करतो."

पलीकडच्या दोन प्रेस थांबल्या.

धोंडीराम जवळ आला. नाथाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्याने नाकाने हवा ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तूही पिऊन आलास का रे?"